लोखंडाचा कीस

परबांच्या पडवीत पेट्रोलवरची करवत नवीनच आली होती, तेव्हाची गोष्ट. विश्रामकाका दर रविवारी गोल कानशीने तिच्या दातांना धार लावत. खाली लोखंडाचा कीस पडे. करवतीला संशय आला, ही कानस मला थोडी थोडी खाते आहे. एकदा सुरू असताना थरथरून तिने शेजारची कानस भिंतीच्या फटीत ढकलली. काकांनी शोधली, मग नाद सोडला.

दात बोथट झाले. काकांनी जोर लावताच करवत उसळली आणि त्यांचा पायजमा फाडून गेली.

"हिचा आता भरवसा वाटत नाही," काका म्हणाले.

केर काढताना काकूंना कानस सापडली. त्यांनी ती करवतीशेजारी ठेवली.

"माझे दात खाल्लेस तू," करवत पुटपुटली.

"माझ्याकडे बघ तरी," कानस म्हणाली. ती झिजून गुळगुळीत झाली होती. "त्या किसात मीपण होते."