झाकणाखालचा कातळ

एका गावात एक वायरमन होता, आणि त्या गावात मातीखाली लगेच कातळ होता. या दोन गोष्टी एकत्र आल्या नसत्या, तर ही गोष्ट घडली नसती.

वायरमनचं नाव विश्राम. हात चांगला, बोलणं गोड. त्याने वायरिंग केलेलं एकही घर वीज कचेरीच्या तपासणीत नापास झालं नव्हतं. गावाला त्याचा अभिमान होता आणि त्याला स्वतःला जरा जास्तच होता.

त्या गावात एक चाल होती. नव्या घरात वीज आली की वायरमनने ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहायचं आणि घरातल्या प्रत्येक लोखंडी यंत्राला तळवा लावायचा. याला 'पहिला हात' म्हणत. गावात पहिल्यांदा वीज आली तेव्हा लोक तिला भ्याले होते. त्या वेळच्या वायरमनने लोकांसमोर असा हात लावून दाखवला, तेव्हापासूनची ही चाल. वायरमनचा हात लागला की मग घरची मुलं त्या यंत्राजवळ जायची. विश्रामला या कामाचे नारळ आणि टॉवेल-टोपी मिळे. इतक्या टोप्या जमल्या होत्या की त्याची बायको त्यांत लसूण ठेवायची.

गावात दिगंबरने नवं घर बांधलं. घरात त्याची आई, तिला सगळे माई म्हणत. बायको सुलभा. आणि नुकतीच धरून उभी राहायला लागलेली मुलगी, मनू. घराच्या मागच्या पडवीत कपडे धुण्याचं मशीन ठेवायचं ठरलं.

सुलभा भित्री होती. गॅस बंद केला का, हे बघायला ती वाटेतून परत यायची. मनू झोपली की श्वास चालू आहे ना, म्हणून नाकाशी बोट धरायची. घरात सगळे तिला हसत. भित्र्या माणसाची एक अडचण असते. ते इतक्या वेळा उगाच घाबरलेलं असतं, की खरी भीती वाटली तरी आधी स्वतःलाच दटावतं.

वास्तुशांतीचा मुहूर्त जवळ आला. दिगंबर विश्रामला म्हणाला, "मुहूर्ताला घर उजळलेलं हवं. बाकी मला काही माहीत नाही."

विश्रामने तारा ओढल्या, बोर्ड बसवले. राहिला तो अर्थिंगचा खड्डा. यंत्राच्या पत्र्यात चुकून वीज उतरली, तर तिला जमिनीत जायला एक वाट लागते. ती वाट म्हणजे हिरवी तार, आणि ती जिथे जमिनीत उतरते तो हा खड्डा. तो माणसाच्या उंचीहून खोल खणायचा, त्यात तांब्याची पट्टी, कोळसा आणि मीठ घालायचं आणि वरून पाणी देऊन तो कायम ओला ठेवायचा. मातीत हे सोपं. कातळात दिवसच्या दिवस पहार मारावी लागते.

विश्रामकडे तेवढे दिवस नव्हते. त्याने एक युक्ती केली. ती त्याने याआधीही काही घरांत केली होती.

वीज एका तारेने घरात येते आणि दुसरीने परत जाते. त्याने हिरवी तार बोर्डाच्या आतच त्या परतीच्या तारेला बांधून टाकली. बाहेर कातळावर सिमेंटचं झाकण ठेवलं आणि पाणी घालायला असतो तसा पाइपचा तुकडा झाकणातून वर काढला. खड्ड्यासारखा खड्डा दिसला. नव्हता फक्त खड्डा.

तपासणीला वीज कचेरीचे साहेब आले. त्यांनी बल्बची एक तार विजेच्या भोकात घातली आणि दुसरी अर्थिंगच्या भोकात. वीज त्या बांधलेल्या तारेतून परत गेली आणि बल्ब लख्ख लागला. साहेबांनी झाकण लांबूनच पाहिलं, सही केली आणि चहा घेऊन गेले.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी, उन्हं कलताना, सुलभा कळशी घेऊन मागे गेली. तिच्या माहेरी भांडी विसळून झाली की तिची आई अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायची. तुळशीला घालावं तितक्या नेमाने. सुलभानेही सवयीने ओतलं. पाइप तोंडापर्यंत भरला आणि पाणी बाहेर सांडलं. ती थांबली. पाणी खाली जाईना.

विश्राम आत बोर्डाचे स्क्रू आवळत होता. तिने हाक मारली. "विश्रामदादा, खड्ड्यात पाणी मुरत नाही."

"कातळ आहे वहिनी. सावकाश मुरतं."

ती परत येऊन पाइपापाशी उभी राहिली. आपलंच काहीतरी चुकत असेल, असं तिला वाटलं. साहेब शिकलेले, दादा अनुभवी, आणि आपण गॅस बघायला परत येणाऱ्या. मग पडवीत मनू भिंतीला धरून उभी राहिलेली तिला दिसली. तिने गवंड्यांची पडून असलेली पहार घेतली, झाकणाखाली सारली आणि झाकण उलटवलं.

खाली कातळ होता. अखंड. त्यावर बोर्डातून बाहेर आलेली हिरवी तार नीट गुंडाळून ठेवलेली होती, नवी कोरी.

आवाज ऐकून सगळे मागे आले. विश्राम हसला. "मुहूर्ताची घाई होती वहिनी. दिवाळीनंतर खणून देतो. आणि बल्ब लागला ना? अडतंय कुठे?"

"अडत नाही, तर लोक खड्डा खणतात कशाला?"

"परतीची तार खांबावर तुटली तर जरा धोका असतो. पण ती कशाला तुटेल?"

"आणि तुटली तर?"

विश्राम झाकण पुन्हा जागेवर सारू लागला. उत्तर त्याला ठाऊक होतं. परतीची तार तुटली की घरातले दिवे जातात. लोकांना वाटतं, वीज गेली. पण वीज गेलेली नसते. तिची परतीची वाट बंद झालेली असते, आणि ती तिथे बांधलेल्या हिरव्या तारेतून येऊन यंत्राच्या पत्र्यावर उभी राहते. कुणाचा हात लागेल, याची वाट बघत.

दिगंबर वैतागला. "साहेबांनी सही केली आहे. त्यांच्यापेक्षा तुला जास्त कळतं?"

"नाही कळत," सुलभा म्हणाली.

माई म्हणाल्या, "अगं, पाहुणे निघालेसुद्धा असतील. आता मुहूर्त मोडू नको."

सुलभा भांडली नाही. तिला भांडता येत नसे. ती विश्रामला एवढंच म्हणाली, "दादा, उद्या पहिला हात तुमचा नको. तुमच्या कुंदाचा लावा."

कुंदा विश्रामची मुलगी. मनूहून थोडी मोठी, उशिरा झालेली, त्यामुळे जिवापाड जपलेली.

विश्राम म्हणाला, "आणतो की. उद्या काहीही होणार नाही, मी लिहून देतो."

"उद्याचं नाही म्हणत मी. मनू रोज त्या मशीनला धरून उभी राहणार. ओल्या फरशीवर, ओल्या हातांनी. कुंदालाही रोज पाठवा तिच्याबरोबर खेळायला. पावसाळाभर पाठवा. वाऱ्याचा दिवस असेल तेव्हा तर नक्की पाठवा."

विश्रामने हत्यारांची पिशवी उचलली आणि तो घरी गेला.

घरी त्याच्या परसात खड्डा होता, खरा. कुंदा झाली तेव्हा त्याने स्वतः कातळ फोडून तो केला होता. कुंदा लोटीने त्यात पाणी घालत होती. हे रोजचं होतं. खाली झाड आहे आणि ते एक दिवस वर येणार आहे, असं तिला वाटे. विश्राम ओट्यावर बसून बघत राहिला. पाणी पाइपातून गटगट खाली गेलं. कुंदाने लोटी उलटी करून शेवटचा थेंबही झटकला.

त्याच्या मनात आलं, आपल्या लेकरासाठी मी कातळ फोडला, आणि दुसऱ्याच्या लेकराला झाकण दिलं.

सकाळी दिगंबरचं घर पाहुण्यांनी भरलं. विश्राम आला, तो डोक्यावर टोपी नाही आणि खांद्यावर पहार.

दिगंबरचा चुलतभाऊ म्हणाला, "काय विश्रामदादा, जेवण पचवायची तयारी करूनच आलात?"

लोक हसले. विश्राम हसला नाही. तो मधल्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आज या घरात वीज चालू करायची नाही. परवाचा बल्ब खोटा होता. मी आतल्या आत तार बांधली होती, बाहेर खड्डाच नाही."

हशा थांबला. दिगंबरचा चेहरा लाल झाला. "आज? आज सांगतोस? पाहुण्यांसमोर?"

"कालच सांगायला हवं होतं. खरं तर परवा."

माईंनी गुरुजींकडे पाहिलं. "आता मुहूर्ताचं काय?"

गुरुजी हवनाची लाकडं रचत होते. मान वर न करता ते म्हणाले, "मुहूर्त अग्नीला लागतो, माई. विजेला लागतो असं मी तरी कुठे वाचलं नाही."

माईंनी थोडा विचार केला. मग सुनेला म्हणाल्या, "समया काढ गं. तेवढ्या घासलेल्या आहेत." वास्तुशांत समयांच्या उजेडात झाली. आतल्या खोलीत जेवणारांना आमटी आणि सार ओळखू येईना, पण कुणी उपाशी उठलं नाही. बाहेर मात्र पहारेचा आवाज चालू होता, आणि पाहुणे त्या आवाजात जेवले.

विश्रामने स्वतःच साहेबांना बोलावून आणलं. साहेबांनी आपली सही खोडली आणि घर नापास केलं. विश्रामच्या हातचं पहिलं नापास घर. जाताना साहेब हळूच म्हणाले, "झाकण उचला, असं मी म्हणायला हवं होतं."

विश्राम दिवसचे दिवस कातळ फोडत राहिला. हाताला फोड आले, ते फुटले, त्यावर पुन्हा आले. खड्डा पुरता खोल झाला तेव्हा त्याने तांब्याची पट्टी उभी केली, कोळसा आणि मीठ थरावर थर भरलं आणि हिरवी तार परतीच्या तारेपासून सोडवून त्या पट्टीला आवळली. सुलभाने कळशी ओतली. पाणी खाली गेलं. तिने आणखी एक ओतली. तीही गेली.

साहेब पुन्हा आले. या वेळी त्यांनी झाकण उचलून खाली वाकून पाहिलं, बोर्ड उघडायला लावला, आणि मगच बल्ब लावला. घर पास झालं.

त्या दिवशी पहिला हात कुंदाने लावला. विश्राम तिला स्वतः घेऊन आला होता. ओल्या फरशीवर तिला उभी केली आणि स्वतःही अनवाणी तिच्या शेजारी उभा राहिला. कुंदाने मशीनवर दोन्ही तळवे ठेवले आणि आपलं तोंड पत्र्यात दिसतंय, म्हणून जीभ काढली.

मग विश्राम खड्डे खणायला त्या बाकीच्या घरांत गेला, जिथे झाकणाखाली कातळ होता. लोक त्याला नको ते बोलले. गावात त्याचं नाव 'झाकण' पडलं. नवी कामं तालुक्याच्या वायरमनकडे जाऊ लागली. एका घराने, फरशी फुटेल म्हणून, त्याला दारातूनच परत पाठवलं. तो रोज जाऊन त्यांच्या पायरीवर बसू लागला. शेवटी त्या घरची म्हातारी कंटाळली आणि म्हणाली, "खण बाबा एकदाचा. पण असा बसू नकोस, कुणी गेलंय असं वाटतं."

पाऊस लागला. श्रावणातल्या एका सकाळी मोठा वारा सुटला आणि दिगंबरच्या घरासमोरच्या खांबावर आंब्याची फांदी पडली. घरातले दिवे गेले. पडवीत मशीन फिरता फिरता थांबलं.

"वीज गेली वाटतं," सुलभा स्वयंपाकघरातून म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

मनूला मशीन थांबलेलं आवडलं नाही. ती ओल्या फरशीवरून गेली आणि मशीनला दोन्ही हातांनी थापट्या मारू लागली. फिर, फिर.

खांबापाशी लाइनमन आला होता. त्याने रस्त्यावरच्या लोकांना सांगितलं, "नुसती परतीची तार तुटली आहे. दुसरी शाबूत आहे."

विश्राम त्या लोकांत होता. त्याने ते ऐकलं आणि चपला तिथेच टाकून तो धावत सुटला. खड्डा आपण खणला आहे, हे त्याला माहीत होतं. तरी धावला. मागच्या दाराने पडवीत आला, तर मनू मशीनला गाल लावून उभी होती. आतून आवाज येतो का, ऐकत होती. त्याला पाहून ती हसली.

विश्राम पायरीवर बसला.

सुलभा पिठाच्या हातांनी बाहेर आली. "काय झालं दादा?"

"काही नाही वहिनी. पाणी द्या."

तिने तांब्या दिला. तो अर्धं पाणी प्यायला आणि उठून त्याने उरलेलं झाकणावरच्या पाइपात ओतलं. ते खाली गेलं. सुलभाने एकदा पाइपाकडे पाहिलं आणि एकदा त्याच्या अनवाणी पायांकडे. तिने मनूला उचलून घेतलं, आणि त्या दिवशी भाकरी करपली तरी तिला खाली ठेवलं नाही.

मुलं विचारतात, मग पुढे काय झालं? पुढे काहीच झालं नाही. ते होऊ नये, म्हणून एका माणसाने कातळ फोडला होता आणि एका बाईने पाणी ओतून पाहिलं होतं.

तात्पर्य: तपासणारा जिथे बघणार नाही, तिथलं कामही आपलंच लेकरू त्याला हात लावणार आहे असं समजून करावं, आणि मनात शंका आली, तर लोक हसतील म्हणून गप्प न बसता झाकण उचलून पाहावं.