दुधाच्या यंत्राची प्रश्नचिन्हं

“पण सर, आकृती तिथंच आहे! मला दिसतेय, तुम्हाला दिसेल, शेंबड्या पोरालाही दिसेल. मग ह्या मेल्यालाच कशी सापडत नाही?”

मेला म्हणजे पुस्तकं मांडायचं सॉफ्टवेअर. ते शाल्मलीच्या मांडीवर, लॅपटॉपमध्ये गुपचूप बसलं होतं. शेंबडं पोर, म्हणजे तिची दहा महिन्यांची रेवा, सतरंजीवर बसून सतरंजीच चाखत होती.

वझे सर अंजिरं निवडत राहिले.

यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिणाऱ्या शाल्मलीच्या ऑफिसात सगळे त्यांच्याच हाताखाली शिकलेले. निवृत्त होऊन ते सासवडजवळच्या आपल्या अंजिराच्या बागेत राहायला आले. तेव्हापासून कुणाचं पुस्तक अडलं की बाकीचे म्हणत, “जा, बुवांच्या मठात जाऊन ये.”

शाल्मली कधी आली नव्हती. तिचं अडतच नसे. निदान रेवा होईपर्यंत तरी नसे.

बाळंतपणाच्या रजेनंतरचं हे तिचं पहिलं पुस्तक. दूध गार करणाऱ्या यंत्राचं. जुनं सरांनीच लिहिलेलं, तेच तिनं नवं करायचं होतं. आज संध्याकाळपर्यंत गेलं नाही, तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर जाणार होतं. आणि जिथं जिथं ‘आकृती ९, पान ४१ पाहा’ असं काही उमटायला हवं, तिथं तिथं नुसती दोन प्रश्नचिन्हं उभी होती. कमरेवर हात ठेवून जाब विचारत असल्यासारखी.

“स्क्रीन दाखवू, सर?”

“नको. अंजीर खा.”

“मी आकडे हातानंच भरून टाकते ना.”

“आणि उद्या मध्ये एक आकृती वाढली की?”

तिनं मनातच हिशेब केला. वाढली की पुढचे सगळे आकडे खोटे...

“तू केलंस काय?”

“मी? मी काहीच नाही केलं.” रेवाच्या डॉक्टरांनाही ती हल्ली हेच सांगत असे. “आकृत्यांखालच्या ओळी नीट केल्या फक्त. फार गबाळ्या होत्या.”

“नीट म्हणजे कशा?”

“आख्ख्या पुसल्या आणि कोऱ्या जागेवर नव्यानं लिहिल्या. तुमच्या जुन्या ओळींना ठिगळं कोण लावत बसणार?”

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली.

सर मात्र खुशीत आले. घराकडे वळून हाक मारली, “अगं, तुझा बागेतला कोट आण बरं. मफलरही आण.”

काकू कोट झटकत ओसरीवर आल्या. “आज काय सोंग काढताय?”

सोंगच होतं. काकूंचा तो मातकट कोट शाल्मलीनं चढवायचा, मफलर तोंडभर गुंडाळायचा. तिची पिवळी ओढणी आणि चष्मा काकूंनी घ्यायचा. दोघींनी ओसरीच्या दोन कोपऱ्यांत बसायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही.

“हा चष्मा आहे की बाटलीचं बूड? आंधळी केलीत मला.”

“बोलायचं नाही म्हटलं ना...”

सर रेवाला उचलून बागेत एक चक्कर मारून आले. मग तिला ओसरीच्या मधोमध सोडलं.

रेवानं पिवळ्या ओढणीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ओढणीकडे बघून हसली.

शाल्मलीनं मफलर आणखी वर ओढला. सोमवारपासून पाळणाघर. दिवसभर. आणि ही तर आत्ताच विसरली...

रेवा रांगत निघाली. ओढणीपाशी गेली. थबकली. तिथं पडलेलं एक अंजीर मन लावून चिरडलं.

मग वळली, आणि पट्टीनं रेघ मारावी तशी सरळ मातकट कोटाकडे आली. चिकट हातांनी बाही धरून उभी राहिली आणि मफलर खेचला.

काकूंनी टाळी वाजवली.

सरांनी विचारलं, “हिला तुझं नाव येतं?”

“छे हो. अजून ‘आई’सुद्धा म्हणत नाही. पंख्याला मात्र ‘फा’ म्हणते.”

“तुझे कपडे तर तिकडे होते.”

“हो...”

“मग ही कशाला धरून आली?”

शाल्मलीनं रेवाच्या चिकट मुठीतल्या बाहीकडे पाहिलं.

सर पुन्हा अंजिरं निवडू लागले.

अर्धा मफलर गळ्यात तसाच ठेवून, चष्म्याशिवाय, नाक टेकेल इतकी ती लॅपटॉपवर वाकली. एरवी न दिसणाऱ्या खुणा दाखव, असं तिनं सॉफ्टवेअरला सांगितलं. सरांची जुनी प्रत उघडली. प्रत्येक आकृतीखालच्या ओळीच्या सुरुवातीला एक इवलीशी खूण होती. तिच्या देखण्या, स्वच्छ ओळींपुढे काहीच नव्हतं.

ते सगळे ‘पाहा’ ना शब्दांना धरून होते ना आकड्यांना. ते त्या खुणेला धरून होते. आणि ओळ पुसताना खूणही तिनंच पुसली होती.

जुन्या गबाळ्या ओळी तिनं मुकाट्यानं परत आणल्या. खूण तेवढी जागच्या जागी ठेवून पुढचे शब्द बदलले. मग श्वास रोखून सगळे संदर्भ ताजे केले.

प्रश्नचिन्हं गेली. ‘आकृती ९, पान ४१ पाहा.’

तिचा विश्वास बसेना. तिनं ती आकृती मुद्दाम दोन पानं पुढे ढकलली. ‘पान ४३ पाहा.’ मागे आणली. ‘पान ४१ पाहा.’

“काकू, बघा, बघा! नेईन तिथं येतंय मागोमाग!”

काकूंना त्या चष्म्यातून काही दिसत नव्हतं, तरी त्या हसल्या. त्या हसल्या म्हणून रेवा हसली. पुस्तक ओसरीवरूनच रवाना झालं.

कोट देऊन, चष्मा-ओढणी परत घेऊन, रेवाला कडेवर घेऊन शाल्मली निघाली. फाटकापर्यंत गेली, आणि परत आली.

“सर... सोमवारी हिला पाळणाघरात सोडणार मी. पहिल्यांदाच. संध्याकाळी घ्यायला गेले आणि हिनं ओळखच दाखवली नाही तर?”

सरांनी एक पिकलं अंजीर फोडलं. बोटभर गर रेवाच्या ओठांना लावला.

“तू खुशाल जा. कितव्या पानावर आहेस, ते ती बघून घेईल.”