ओरखड्यांचा शंख

त्या किनाऱ्यावर खेकडा ओळखायचा तो शंखावरून. आत कोण बसलंय, हे कुणी वाकून बघत नसे. आणि तिथेच चिपट्या नावाच्या खेकड्याने नको ती पैज घेतली.

‘भिंगरीच्या शंखात बसून दाखव,’ मित्र म्हणाले, ‘नाहीतर जन्मभर घाबरट म्हणू.’

‘ह्यॅ! त्यात काय एवढं!’ चिपट्या म्हणाला. झालं. फसला.

भिंगरी म्हणजे लाटशिवणीची राणी. खेळ साधा. सगळ्यांनी एकदम ओसरत्या लाटेमागे धावायचं, तिला शिवायचं, ती उलटायच्या आत परत यायचं. पंच होता बगळा. जिंकेल त्याच्या शंखावर तो चोचीने एक ओरखडा मारायचा. तोंडं बघत बसायला त्याला सवड कुठली? लाट थोडीच थांबते! मोठ्या भरतीला ओरखडेवाल्यांना काळ्या खडकावर जागा, जितके ओरखडे तितकी वर. कोऱ्या शंखाने खाली वाळूतच राहायचं. आणि भरतीबरोबर जे मासे यायचे, ते काही खेळायला यायचे नाहीत.

भिंगरी वाढत होती. जुना शंख अंगाला काचायला लागला होता. नेमकी मोठ्या भरतीच्या दिवशी तिला एक ऐसपैस, गुळगुळीत शंख सापडला. आडोशाला ती जुन्यातून निघून नव्यात शिरली, आणि ती वळताच चिपट्या आपला शंख टाकून टुणकन जुन्यात.

काळ्या खडकाशी बगळा त्याला बघून वाकला. ‘या भिंगरीबाई, वर या!’

मित्र हसून हसून वाळूत लोळले. मागून भिंगरी आली.

‘बगळोबा, मला जागा द्या.’

‘तुम्ही कोण?’

‘अहो, भिंगरी! कालच नाही का मी जिंकले?’

‘शंख कोरा आहे, बाई. नवीन दिसताय. पुढच्या खेळाला या.’

‘माझा आवाज ऐका की! माझी चाल बघा!’

बगळ्याने तिचा शंख उलटापालटा करून पाहिला. एक ओरखडा नाही. त्याने तिला पायाने खाली लोटलं.

हसणं जागच्या जागी गोठलं. पाणी चढत होतं. भिंगरी धडपडत वर यायची, बगळा पुन्हा लोटायचा. पाण्यात काहीतरी चंदेरी वळलं.

‘थांबा!’ चिपट्या ओरडला आणि शंखातून बाहेर आला. उघडा, मऊ, गुलाबी. चारचौघांत असं कुणी कधी निघालं नव्हतं. खडकभर किंकाळ्या उठल्या.

‘मी चिपट्या! मीच घुसलो होतो आत, पैजेपायी. हे ओरखडे तिचे आहेत, सगळे तिचे! तिला वर घ्या हो!’

बगळ्याने त्या उघड्या जिवाकडे निरखून पाहिलं. ओरखडा तर त्याच्याही अंगावर नव्हता. त्याने त्यालाही खाली लोटलं, भिंगरीशेजारी. मग रिकामा शंख चोचीत अलगद उचलून सगळ्यात वरच्या कपारीत ठेवला आणि त्याच्यापुढे मान लववली.

‘आरामात बसा, भिंगरीबाई.’