काजळीचा घट

एका गावात एक माणूस राहत होता आणि त्याच्या गोठ्यात एक म्हैस. दोघांपैकी म्हैस जास्त शांत होती.

माणसाचा स्वभाव फार काळजीचा. दाराची कडी ढिली होती, म्हणून चार पावलं गेला की तो परत येऊन कडी हलवून बघे. चुलीवर भात ठेवला की झाकण काढून बघे, पुन्हा काढून बघे, आणि भात कच्चा राहिला की म्हणे, "मला वाटलंच होतं!" घरची कोंबडी अंड्यांवर बसली की तिला उचलून खाली डोकावे. कोंबडी हाताला चोच मारी, तेव्हा हा तिलाच समजावी, "अगं, तुझ्याच पिल्लांसाठी बघतोय ना!"

माणूस वाईट नव्हता. ज्याच्यावर त्याचा जीव असे, त्याला सारखं बघितल्याशिवाय त्याला राहवत नसे, एवढंच.

सगळ्यात जास्त जीव होता तो म्हशीवर. तिचं नाव काजळी. पारडी असल्यापासून त्याने तिला वाढवलेली, आणि आता ती गाभण होती. रात्री तिच्या रवंथाचा आवाज कानावर आला, की मगच त्याला झोप लागे.

त्या वर्षी उन्हाळा लांबला. ओढ्याकाठचं गवत संपलं, बांधावरचं संपलं. गोठ्यात उरला नुसता वाळका कडबा. काजळी दोन घास चघळी आणि तोंड फिरवी. तिच्या बरगड्या दिसू लागल्या.

अशात बायकोचा भाऊ भेटायला आला. त्याचं गाव मोठ्या नदीच्या काठी, तिथे बारा महिने हिरवं. त्याने काजळीच्या पाठीवरून हात फिरवला.

"दाजी, राग मानू नका, पण गाभण जनावर असं कडब्यावर कसं निघायचं? द्या माझ्याकडे धाडून."

"आणि परत कधी आणायची?"

"परत?" मेहुणा हसला. "नदीत डुंबायची सवय लागल्यावर ती तुम्हाला ओळख तरी देईल का? तिथेच विईल, तिथेच रमेल. तुम्ही येत जा की भेटायला!"

माणसाचं तोंड एवढंसं झालं. ते बघून बायको म्हणाली, "दादा, पौर्णिमेपर्यंत थांब. तोवर आमच्याकडून हिची सोय झाली नाही, तर ने खुशाल."

"बरं. पण त्या दिवशी हिच्यापुढे ताजा चारा दिसला नाही, तर मी कुणाचं ऐकणार नाही. दावं घेऊनच येतो."

भाऊ गेल्यावर माणूस कपाळाला हात लावून बसला. "कसली सोय करणार तू? आभाळातून गवत पाडणार आहेस?"

बायको तेव्हा मोड आलेली मटकी निवडत होती. ती म्हणाली, "भाजी मिळेनाशी झाली की आपण काय करतो? कडधान्याला मोड काढतो आणि उसळ खातो. मग म्हशीनं काय पाप केलंय?"

घरात थोडा मका होता. तिने अर्धा मका रात्रभर भिजवला, ओल्या फडक्यात बांधला, आणि पांढरी टोकं फुटल्यावर तो पाटीत पसरून गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवला. वर ओलं गोणपाट टाकलं.

"आता ऐका. मी दिवसभर शेतावर असणार. सकाळ-संध्याकाळ वरून पाणी शिंपडायचं, बाकी हात लावायचा नाही. खाली मुळं एकमेकांत गुंततील, वर कोंब येतील. मग ती अख्खी चटईच काजळीपुढे ठेवू."

"मी कशाला हात लावतोय?" माणूस म्हणाला.

ती शेताकडे वळली तोच त्याने गोणपाट उचललं. पुन्हा उचललं. एक दाणा चिमटीत धरून उजेडात बघितला. "ह्याला मूळ आलं, मग ह्याला का नाही?" म्हणून तळचे दाणे वर काढले. कोरडे वाटले म्हणून तांब्याभर पाणी ओतलं. जास्त झालं असं वाटलं म्हणून पाटी वाकडी करून निथळली. थोड्याच दिवसांत पाटीला आंबूस वास सुटला. कोवळे मोड तुटून बुळबुळीत झाले. कोंबडीसुद्धा जवळ येऊन परत गेली.

"किती वेळा बघितलंत?" बायकोने विचारलं.

"फार नाही." काजळीने फुर्र केलं. "...बरेचदा," माणूस म्हणाला.

बायको रागावली नाही, पण हसलीही नाही. "आता उरलेला एवढाच मका. हा गेला तर पौर्णिमेला दादासमोर मी तोंड उघडणार नाही."

"मग तो माझ्यापासून लपवून ठेव!"

"लपवला तर पाणी कोण शिंपडणार?"

दुसरी पाटी कोपऱ्यात बसली. बायको शेतावर गेली. माणूस पाटीसमोर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. मग उठून बाहेर गेला. लगेच परत आला. 'नुसतं कडेनं,' त्याने मनाशी म्हटलं आणि गोणपाटाचं टोक बोटभर उचललं.

आतून ओल्या धान्याचा वास आला आणि त्याचा हात थबकला. हा वास त्याच्या ओळखीचा होता. नवरात्रात देवघरात घट बसतो, काळ्या मातीत धान्य पेरलेलं असतं, तेव्हा अख्ख्या घराला हाच वास येतो.

नऊ दिवस तो घटासमोर बसे, आरती म्हणे, पाणी घाली. पण रुजलं की नाही ते बघायला त्याने मातीत कधी बोट घातलं नव्हतं. तसं मनातच आलं नव्हतं! घट देवीचा, त्याचं काय ते ती बघेल. आणि दरवर्षी तो वीतभर उगवला होता.

त्याने गोणपाट सोडून दिलं. घरातून हळद-कुंकू आणलं, पाटीला बोटं ओढली आणि हात जोडले. "आई, ही पाटी तुझी. मी नुसता पाणी घालणारा."

मग सकाळ-संध्याकाळ तो पाणी शिंपडी आणि पाटीवर आढ्याला बहाव्याच्या पिवळ्या फुलांची माळ बांधी. पण रिकामे हात वळवळत, म्हणून त्याने कामं काढली. काजळीला घासून धुतलं. गव्हाण लिंपली. इतकी वर्षं हलवून बघितलेली दाराची कडीही एकदाची ठोकून पक्की केली. आणि काम करताना बेसूर आवाजात तो आरती म्हणत राहिला.

शेतावरून आलेल्या बायकोने ते ऐकलं. "अहो, भर उन्हाळ्यात घट बसवलात की काय?"

"हसू नकोस. काजळीचा आहे."

मधेच एकदा गोणपाट टम्म फुगलेलं दिसलं. 'खाली उंदीर शिरले असतील!' हात पुढे गेला. मग तो मोठ्याने आरती म्हणत गोठ्याबाहेर पळाला.

पौर्णिमेला खांद्यावर दावं टाकून मेहुणा दारात उभा. "काय दाजी, कुठे आहे चारा?"

माणूस बायकोकडे वळला. "आणि खाली काहीच नसलं तर?"

"घट उठवायची वेळ झाली," बायको म्हणाली. "तुमच्याच हातानं उठवा."

त्याने डोळे मिटून गोणपाट ओढलं. मग हळूच एक डोळा उघडला.

गोणपाट उंदरांनी नव्हे, कोंबांनी वर उचललं होतं. पाटीभर वीतवीत कोंब, कडेला हिरवे, मधे हळदीसारखे पिवळे. खाली पांढऱ्या मुळांची चटई अशी विणलेली, की त्याने ती दोन्ही हातांनी उचलली तरी एक दाणा सांडला नाही.

"हे तर निम्मं पिवळं आहे!" मेहुणा म्हणाला.

"तिला विचार," बायको म्हणाली.

काजळीने एक घास घेतला, कान मागे टाकले, आणि मग गोठ्यात नुसता कचाकचा आवाज. मेहुण्याने तिच्या गळ्यात दावं अडकवून ओढून बघितलं. तिने मान वर केली नाही.

माणसाला इतका आनंद झाला की त्याने चार कोंब खुडून, दसऱ्याला खोवतात तसे, मेहुण्याच्या पागोट्यात खोवले. काजळीने ते बघितलं. तिने मान लांबवली आणि कोंबांसकट पागोटंच ओढून घेतलं.

"अगं, सोड! दाजी, आवरा हिला!" टक्कल झाकत मेहुणा ओरडला, आणि बायको हसता हसता भिंतीला टेकली. पागोटं सुटलं, पण ओलं आणि चघळलेलं. मेहुण्याने ते पिळलं आणि तोही हसायला लागला. "राहू दे हिला इथेच. दाव्याचं आता काम नाही, मी मकाच धाडून देतो. पाट्या लावत राहा."

पाऊस येईपर्यंत गोठ्यात पाटीमागून पाटी लागली. काजळीच्या बरगड्या दिसेनाशा झाल्या. ती व्याली आणि तिला पारडी झाली. त्या वर्षी कोंबडीलाही कुणी उठवलं नाही, म्हणून अंगणात पिल्लंच पिल्लं झाली.

माणूस अगदी बदलला असं नाही. पारडी नीट पिते ना, हे तो दाराच्या फटीतून बघे. पण बाहेरूनच, आणि हात मागे बांधून.

तात्पर्य: ज्याच्यावर जीव आहे त्याला पाणी घालावं, वर झाकण घालावं आणि आपण दुसऱ्या कामाला लागावं, उगवायचं काम त्याचं त्यालाच करू द्यावं.