सटवा लोहाराच्या घाटाचा पैसा

बाजारात विश्वास कुणावर ठेवावा, सांगा बघू? गोड बोलणाऱ्यावर, की भाव सांगून गप्प बसणाऱ्यावर? उत्तराची घाई करू नका. आधी वेळशेतच्या सटवा लोहाराचं ऐका.

फार वर्षं झाली त्याला. तेव्हा वेळशेतला गलबतं लागायची आणि सटवाच्या सुऱ्या दूरदूर जायच्या. तयार सुरी तो कधी विकत नसे. गिऱ्हाईक आलं की त्याला काहीतरी कापायला लावी, त्याचा हात आपल्या हातात धरी, मग भट्टी पेटवी. असं म्हणतात, तो हात सोडेपर्यंत लोखंड आपणहून त्या बोटांच्या वळणाचं झालेलं असायचं. लोखंडाचे पैसे तो थोडे घेई. सुरीच्या आकाराचे, म्हणजे घाटाचे, वेगळे घेई. त्यावरच त्याचं घर चाले.

नारोशेट व्यापाऱ्याला हे पटेना. "सटवा, घाट काय तागडीत घालतोस?"

"नाही शेट, तुमच्या मुठीत घालतो."

नारोशेटनं शक्कल लढवली. सगळ्यांत देखणी सुरी येसू कोळणीची. मासळीचा वास सोसत नाही म्हणून त्यानं गडी पाठवून ती चार दिवस मागून आणली. परगावच्या लोहारांकडून तशाच शेकड्यानं करून घेतल्या, वर सटवाची खूण, चंद्रकोर, ठोकली आणि गोड बोलून निम्म्या भावात विकल्या.

मग गावभर अंगठे कापू लागले. कांदा चिरायला घ्यावा, तर पातं बोटाकडे वळे. लोक सटवाच्या दारात जमले. एक म्हातारी म्हणाली, "चंद्रकोर तुझीच ना रे? बघ माझा अंगठा."

सटवानं सुरी उलटसुलट केली. घाट आपला, हात परका, हे त्याला लगेच कळलं. मागे नारोशेट उभा होता.

सटवा इतकंच म्हणाला, "खूण माझी आहे. आणा सगळ्या."

एकेकाचा हात धरून तो त्या सुऱ्या फुकट घासत बसला. नवं काम घेईना. घरची चूल थंडावली. असं म्हणतात, घासताना उडालेल्या ठिणग्या विझायच्याच नाहीत. नारोशेटच्या अंगणात जाऊन लुकलुकत राहायच्या. तो दार लावी, तर फटीतून दिसायच्या.

शेवटी भर गर्दीत तो भट्टीपाशी गेला. सटवानं सवयीनं त्याचा हात धरला. "शेट, या हातानं काय कापायचंय?"

नारोशेटची मान वर होईना. "कापून झालं रे. केसानं गळा कापला मी तुझा." आणि त्यानं सगळं सांगून टाकलं.

येसू कोळीण हसली. "अहो शेट, मी डावरी. माझ्या सुरीला धार एकाच अंगानं, डाव्या हाताच्या बेतानं. नाक दाबून का होईना, स्वतः आला असतात तर दिसलं असतं."

सगळे हसले. त्यापेक्षा मार परवडला असता, असं नारोशेटला वाटलं. सटवा तेवढा हसला नाही.

"काय दंड घेशील?" नारोशेटनं त्याला विचारलं.

"दंड नको. घाटाचा पैसा द्या. मागचा, आणि पुढचाही."

सटवा गेला, त्या दिवशी ऐरण आपोआप वाजली म्हणतात. ती अजून वेळशेतच्या वेशीत आहे. दुसऱ्याच्या घाटावर सुरी केली, तर लोहार दसऱ्याला तिच्यापुढे मोठ्यानं सांगतो, "हा घाट अमक्याचा," आणि त्याचा पैसा त्याच्या हातात देतो. पहिला मान नारोशेटच्या घरचा. ते अनवाणी येतात, मान खाली घालून.

तेव्हा मंडळी, हिशेब मांडाल तेव्हा मालाचा मांडा, मजुरीचा मांडा, आणि ज्याच्या डोक्यातून घाट निघाला त्याचं नावही तेवढं खरं लिहा.