कोंबडीच्या बसला नाव

“पण बाबा, बसमार्गाला नाव देतं कोण, ते तरी सांगा.”

नूरबाबा थांब्याच्या बाकावर शेंगा सोलत बसले होते. या फकिराकडे अख्खं शहर आपली गाऱ्हाणी घेऊन यायचं. मीही अर्ज घेऊन आलो होतो.

माझा थोरला भाऊ हिरामण या मार्गावर अकरा वर्षं बस चालवत होता. त्याला जाऊन बावीस दिवस झाले होते. मार्गाला त्याचंच नाव मिळायला हवं होतं. नाहीतर त्याला विसरायला लोकांना कितीसा वेळ लागणार? अर्जावर मी तीनशे सह्या गोळा केल्या होत्या.

बाबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. “सगळ्या एकाच हातच्या दिसतात.”

“लोकांना वेळ नव्हता. त्यांच्या वतीनं मीच केल्या.”

“हं...” त्यांनी खांबाकडे बोट केलं. “ती पाटी वाच.”

“लोकसेवक दत्ताजीराव निंबाळे जनकल्याण बस...” पाटी खांबाभोवती वळली होती. मलाही वळावं लागलं. “...मार्ग.”

“आता त्या मावशींना विचार, कुठल्या बससाठी थांबल्यात.”

विचारलं.

“कोंबडीच्या,” मावशी म्हणाल्या. शेवटच्या थांब्यावर कोंबड्यांचा बाजार भरतो.

तेवढ्यात परिवहन खात्याचा माणूस आला. त्यानं ओल्या फडक्यानं दत्ताजीरावांची पाटी लख्ख पुसली, फडकं पिळलं आणि विचारलं, “कोंबडी गेली का हो?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

“दत्ताजीरावांचं नाव लांबलचक आहे, म्हणून,” मी म्हणालो. “हिरामणचं सुटसुटीत आहे.”

बाबांनी आणखी एक शेंग फोडली...

बस आली. हिरामणच्या जागेवर नवा ड्रायव्हर. मी तोंड फिरवलं. मावशी चढल्या, बस हलली, आणि मागून एक मुलगी चपला हातात घेऊन धावत आली.

“ओ ड्रायव्हरसाहेब, हिरामण करा जरा,” आतून तीन-चार जण ओरडले.

ड्रायव्हरनं ब्रेक दाबला.

माझा भाऊ धावत येणाऱ्यासाठी नेहमी असाच थांबायचा. त्यापायी त्याला सात मेमो मिळाले होते.

मी धावत जाऊन बसची दांडी धरली. मुलगी पायरीवर चढली होती.

“हिरामण करा म्हणजे काय गं?”

“म्हणजे थोडं थांबा. या बसमध्ये सगळे असंच म्हणतात.”

“आणि हिरामण कोण?”

“कोण म्हणजे?” तिला प्रश्नच कळला नाही. घंटी वाजली. दांडी माझ्या हातातून सुटली.

मी बाबांकडे परत आलो. “तो माणूस होता, हेसुद्धा तिला ठाऊक नाही, बाबा.”

बाबांनी मांडीवरची टरफलं झटकली.

“बस थांबली ना?” ते म्हणाले.