पैलतीरावरून मागून आणलेला विस्तव

ऐका विसावाआई, तुमची कहाणी. एक नव्हे, दोन आटपाट नगरं होती. अलीकडे ऐलनगर, पलीकडे पैलनगर. अलीकडे एक राजा, पलीकडे एक राजा. मधे नदी. श्रावणात हत्ती बुडेल एवढी, वैशाखात गुडघाभर.

दोन्ही नगरांत एक वसा होता. वर्षभर राबणाऱ्या विस्तवाला एक दिवस विसावा द्यायचा. ऐलनगरानं वैशाखातल्या सप्तमीला द्यायचा, पैलनगरानं अष्टमीला. आदल्या दिवशी रांधून ठेवायचं. मग चुलीवर दूध शिंपडायचं, "दमलास रे बाळा, नीज आता" म्हणायचं, निखारे गार करायचे. दिवसभर शिळं खायचं. दुसऱ्या दिवशी विस्तव आणायचा, तो गारगोटीचा नाही, पलीकडच्या तीरावरून मागून आणायचा. अष्टमीच्या सकाळी इकडच्या बायका खापर घेऊन तिकडे जायच्या. विस्तव देऊन मग तिकडच्या चुली निजायच्या. नवमीला तिकडच्या बायका खापर घेऊन इकडे यायच्या. मागणारीला नाही म्हणायचं नाही. असं चाललं होतं.

ऐलनगरात एक गृहस्थ होता. त्याच्या धाकट्या सुनेचं नाव आनसा. सासर अलीकडे, माहेर पलीकडे. नवरा हैबती, माहेरी थोरला भाऊ गोंदाजी. विस्तव आणायच्या निमित्तानं वर्षातून एकदा आईच्या गळ्यात पडायची, रडायची, हसायची, निखारे घेऊन परत यायची.

मग काय झालं? एका पुरात नदीनं कूस बदलली. मधे वाळूचं बेट वर आलं, त्यावर कलिंगडं लागली. हा राजा म्हणाला, बेट माझं. तो राजा म्हणाला, बेट माझं. कलिंगडं जागेवर कुजली. मग यानं एक तोफ आणली. मग त्यानं दोन आणल्या. मग यानं चार आणल्या. दोघंही आपल्या रयतेला सांगत, "आम्हांला का हौस आहे? त्यांनी आणल्या म्हणून आणल्या."

मग दोन्हीकडे दवंडी पिटली. सैन्याला भाकरी लागते, तोफेला बत्ती लागते, यंदा विसावा बंद. थोरामोठ्यांनी माना डोलवल्या. डोलवायला माना बऱ्या असतात, त्यांना तेवढंच काम. वसा टाकला. विसावाआई रुसली, दमलेला विस्तव चुलीबाहेर पडला. पहिल्या वर्षी दोन्ही तीरांवरच्या गवताच्या गंज्या जळाल्या. हे म्हणाले त्यांनी जाळल्या, ते म्हणाले यांनी जाळल्या. दुसऱ्या वर्षी नावा जळाल्या. हे म्हणाले त्यांनी, ते म्हणाले यांनी. तिसऱ्या वर्षी खबर आली, अष्टमीच्या सकाळी दोन्हीकडच्या तोफा सुटणार. पहिल्या तोफेला अलीकडे बत्ती देणार हैबती. पलीकडे देणार गोंदाजी.

आनसानं देवापुढे हात जोडले. नवरा वाचला तर भाऊ जातो, भाऊ वाचला तर नवरा. देवाकडे तरी काय मागावं?

मग षष्ठीला तिनं दशम्या भाजल्या, भात शिजवून दह्यात कालवला. सासू म्हणाली, "एवढ्या दशम्या? कुणाचं लग्न काढलंस?"

"आत्याबाई, उद्या सप्तमी. चूल निजवायची."

"अगं, राजाची दवंडी ऐकली नाहीस?"

"ऐकली. तीन वर्षं ऐकतेय."

ओसरीवरून सासरा ओरडला, "आणि आपण विझवला अन् त्यांनी नाही विझवला, तर?"

"मामंजी, हेच माझे वडील पलीकडे ओसरीवर बसून विचारत असतील. कुणी उठून बघून आलं का?"

"पोरी, जीभ फार चालते तुझी."

"जीभच चालतेय, मामंजी. तोफा चालायच्या आहेत अजून."

सासरा तोंड फिरवून बसला. सप्तमी उजाडली. आनसा चुलीपाशी गेली, तर सासू आधीच दुधाची वाटी घेऊन बसलेली. "दमलास रे बाळा," ती म्हणाली, आणि वाटी खाली ठेवायला लागली. चुलीतला विस्तव तिला दिसेना, हातात बत्ती घेतलेला लेक दिसायला लागला. मग आनसानं तिच्या हाताखाली आपला हात धरला. दोघींनी मिळून दूध शिंपडलं. "नीज आता."

मग आनसा कुंभारणीकडे गेली, म्हणाली, "बाई, तुझा लेक कुठं?" "तोफांपाशी." "तर मग निजव." कुंभारणीनं चूल निजवली. मग कोष्टिणीकडे गेली, म्हणाली, "बाई, तुझा धनी कुठं?" "तोफांपाशी." "तर मग निजव." कोष्टिणीनं चूल निजवली. मग राणीकडे गेली. राणीनं काही न विचारताच दूध मागवलं. तिचाही एक भाऊ पलीकडे होता.

दुपारी बायका शिदोऱ्या घेऊन नदीकाठी गेल्या. शिपाई भुकेजलेले. खायला बसले तशा बायकांनी बत्त्यांवर दूध शिंपडलं. हैबती ताडकन उठला.

"अगं, हे काय केलंस? पलीकडे कळलं तर?"

"कळवायलाच जाणार आहे उद्या."

"वेडी आहेस तू."

"आहे. दशमी खा. गूळ घातलाय."

मग राजा आला. लाल झाला, पिवळा झाला. म्हणाला, गारगोटी आणा. पहिल्यांदा घासली, ठिणगी पडेना. दुसऱ्यांदा घासली, पडेना. तिसऱ्यांदा घासली, बोट चेचलं, ठिणगी पडेना. विसावाआईनं विस्तव पदराखाली घेतला होता. राजा मटकन खाली बसला. सगळं नगर उघडं पडलं.

अष्टमीला फटफटलं. आनसानं खापर घेतलं, तळाशी राख घातली, पदर खोचला, नदीत उतरली. गुडघाभर पाणी, समोर तोफा. मनात म्हणाली, विसावाआई, उतले नाही, मातले नाही, टाकलेला वसा पुन्हा घेतला, आता तू मला टाकू नको.

पैलतीरावर सेनापती उभा होता. म्हणाला, "त्यांच्याकडे धूर नाही. एकही चूल पेटलेली नाही. याहून चांगला मुहूर्त नाही. गोंदाजी, बत्ती दे!"

गोंदाजी म्हणाला, "सरकार, कुणी बाई येतेय."

"येऊ दे. बत्ती दे!"

"सरकार, हातात खापर आहे."

"असू दे. बत्ती दे!"

"सरकार, ती माझी बहीण आहे," गोंदाजी म्हणाला, "आणि विस्तव मागायला आलीय. मागणारीला नाही म्हणायचं नाही, असं तुमच्या आईनंच आम्हां पोरांना शिकवलंय."

सेनापतीनं तलवारीला हात घातला. मागून काठी आपटत त्याची आई आली. "घाल, हात घाल," म्हातारी म्हणाली, "तीन वर्षं चूल दमली, मी दमले, तू तेवढा दमत नाहीस." सेनापतीचा हात तलवारीवरच राहिला.

आनसा काठावर आली. गुडघ्यापर्यंत ओली. म्हणाली, "दादा, आमच्याकडचा विस्तव निजलाय. थोडा देतोस का?"

गोंदाजीनं पेटती बत्ती तिच्या खापरात मोडून घातली. वर राख लोटली. म्हणाला, "बारीक झालीस गं." एवढंच म्हणाला. मग आनसाच्या आईनं पुढे येऊन तिला मिठी मारली. मग पैलनगराच्या बायकांनी दुधाच्या वाट्या आणल्या. आज त्यांची अष्टमी. पलीकडच्या चुली निजल्या, बत्त्या निजल्या.

आनसा विस्तव घेऊन परत आली. इकडे राजा उठून उभा राहिला. पलीकडे धूर नाही, इकडे निखारे. त्याचे डोळे चमकले. म्हणाला, "हैबती, पेटव बत्ती!"

आनसा तोफेपुढे उभी राहिली. "महाराज, हा विस्तव त्यांचा. त्यांनी तोफेतून काढून दिलाय. तोच त्यांच्यावर टाकायचा?"

"बाजूला हो, पोरी."

"सकाळी आपल्याकडे काही नव्हतं. त्यांनी बघितलं. तोफ डागली नाही."

हैबती पुढे आला. त्यानं खापर उचललं, तोफेकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. मग खापर राजापुढे ठेवलं, म्हणाला, "महाराज, मला जमायचं नाही. तुम्हीच पेटवा."

राजा निखाऱ्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "उद्या ते मागायला येतील?"

"येतील," आनसा म्हणाली.

"राणीला म्हणावं, चूल पेटव. दोन दिवस झाले, पोटात गरम काही नाही."

नवमीला सकाळी पलीकडून खापरं आली. बायका होत्याच, पुढे गोंदाजी होता. हैबतीनं दोन्ही हातांनी विस्तव घातला. म्हणाला, "जपून हो पाव्हणं, हात भाजेल." गोंदाजी म्हणाला, "दाजी, तीन वर्षं भाजूनच घेतोय." दोघं हसले. मग दोघांनाही रडू आलं, तशी दोघं नदीत उतरून तोंडं धुऊ लागले.

मग राजे बेटावर बसले. रोज भांडले. बेट कुणाचं ते अजून ठरलं नाही, पण भांडून झालं की दोघं कलिंगड कापतात. तोफा पावसानं गंजल्या. शिपाई पेरणीला घरी गेले.

हैबती घरी आला. पाय धुतले, पाटावर बसला, म्हणाला, "गरम भाकरी वाढ." आनसानं फुंकणी त्याच्या हातात दिली. म्हणाली, "आधी चूल पेटवा. पेटवायची भारी हौस होती ना?" ओसरीवर सासरा पहिल्यांदाच हसला. हैबतीनं डोळे चोळत, खोकत, फुंकर घालत चूल पेटवली, आणि ती दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिली.

जशी विसावाआई आनसाला पावली, तशी तुम्हांआम्हांला पावो. ज्यांची माणसं कुठल्याही तीरावर, कुठल्याही सीमेवर उभी आहेत, त्यांची माणसं जेवायला घरी येवोत. साठां उत्तरांची कहाणी होती, पांचां उत्तरांत सांगितली. सांगणारीला फळो, ऐकणारीला फळो, पैलतीरावरचीलाही फळो, सुफळ संपूर्ण होवो.